सोलरआधी बिल बघा
निपाणीच्या दादा, अमेरिकेतल्या भावासारखी सोलर आणि इन्सुलेशनच्या खर्चावर टॅक्समध्ये सूट मिळते का, असं विचारलंत. घरगुती सोलरला आपल्याकडं तशी सूट नाही. तिकडची ३० टक्के क्रेडिटही २०२५ अखेर बंद झाली. आपल्याकडं पीएम सूर्यघर योजनेतून अनुदान थेट खात्यात येतं: २ किलोवॅटला ६०,००० रुपये, ३ किंवा जास्तला ७८,०००. मात्र पॅनल भारतीय बनावटीचे हवेत आणि व्हेंडर नोंदणीकृत. कोणी स्वस्तात बिननोंदणीचं बसवून देतो म्हणाला, तर हात जोडा.

पण आधी हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल नीट बघा. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत शून्य बिल येत असेल, तर सोलरची घाई कशाला? महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की अख्खं बिल भरावं लागतं, म्हणून काठावर असाल तर पंखे बदला. जुना ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज दहा तास चालला तरी एका पंख्यामागं महिन्याला १३ युनिट वाचतात. चार पंख्यांचा हिशोब तुम्हीच करा.

स्लॅबचं घर असेल तर एप्रिलच्या आत गच्चीला ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग मारून घ्या. खानापूरकडच्या कौलारू घरांना त्याची गरज नाही.