जुनी सीडी गोड लागते, हाय-रेझ टोचतं. डॅक घेऊन फरक पडेल का?

नमस्कार मंडळी,

मी जळगावचा. घरी स्टिरिओ ॲम्प्लिफायर, बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि जुना सीडी प्लेअर आहे. प्लेअरची लेझर आता थकली, काही डिस्क तो वाचतच नाही. म्हणून सगळं संगीत फाइल आणि स्ट्रीमिंगवर न्यायचा विचार आहे. त्यासाठी डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचं ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, घ्यावा का ते ठरवायचंय. बजेट १५ हजारांच्या आत.

अडलंय ते असं. किराणा घराण्याच्या ख्यालाची एक जुनी मैफल माझ्याकडे सीडीवर आहे, तीच ॲपवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे हाय-रेझ म्हणून मिळते. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. कागदावर ॲप वरचढ. पण ऐकायला बसलं की सीडीवर गळा भरदार, तानपुरा मागे वेगळा झंकारतोय, विलंबितात दोन आलापांमधली शांतता खरोखर शांत. ॲपवर सगळंच पुढे येऊन बसतं आणि वरच्या सुरात हार्मोनियम टोचते. आप्पांना काही न सांगता ऐकवलं, तर लगेच म्हणाले, "हाऊ आवाज कोरडा शे." त्यांचा कान आकाशवाणी जळगाव आणि कॅसेटवर तयार झालेला, त्यांना गळा पुढे आणि ट्रेबल कमी असा आवाज आवडतो. मला तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू यायला हवी असते. आवडी इतक्या वेगळ्या असूनही दोघांनी सीडीच निवडली, म्हणून विचारावंसं वाटलं.

माझा संशय मास्टरिंगवर, म्हणजे प्रकाशनाआधीच्या आवाजाच्या शेवटच्या जुळवणीवर आहे. नव्याने काढताना हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणला असेल, तर कितीही चांगला डॅक घेतला तरी गेलेला चढउतार परत यायचा नाही. की लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट ॲम्प्लिफायरला वायर दिलीय, तिचाच हा दोष? चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाजही येतो, काढला की बंद.

खोली १० बाय १२ ची, वर स्लॅब, खाली फरशी. मार्च ते जून कूलर बंद करायची सोयच नाही आणि त्याच्या घरघरीत तानपुरा बुडतो. रात्री उशिरा ऐकावं तर आवाज लहान ठेवावा लागतो आणि मग खर्ज हलका वाटतो. लहान आवाजात कानालाच खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. त्यामुळे मी ऐकतोय तो फरक स्रोताचा, खोलीचा की कानाचा, हे वेगळं कसं काढायचं? आईच्या सकाळच्या अभंगांना ब्लूटूथ पुरतं, तो प्रश्न नाही.

प्रतिसाद, धुळ्याहून

भाऊ, डॅकचे पैसे आत्ता काढू नका. डिस्क शाबूत आहे तोवर लॅपटॉपला यूएसबी सीडी ड्राइव्ह लावून तिची फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल) करून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी जुळते का, हेही ते तपासतं. मग तोच लॅपटॉप, तीच वायर, एकदा फ्लॅक आणि एकदा ॲप. ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय) आधी बंद करा. एकच तान दोन्हींत लावून मोबाइलच्या साउंड मीटरवर आवाज सारखा करा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. गाणं बदलायला दुसऱ्याला बसवा, काय लावलंय ते सांगू नये. तरीही फ्लॅकच गोड लागली तर फरक मास्टरिंगचा. दोन्ही सारखेच कोरडे वाटले तर जॅककडे बघा, मग डॅकला अर्थ आहे.

घूं आवाज अर्थिंगचा असू शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या. प्लगची अर्थ पिन मात्र कधीच काढू नका. पुढे डॅक घेतलात आणि लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट असेल तर तीच केबल वापरा, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, विजेची जोडणी होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार दादा. रविवारी पहाटे, कूलर लागायच्या आत, आप्पांनाच बसवतो. अजून एक: आत्याने कानबाईची गाणी घरीच टेपवर भरली होती, त्या कॅसेटही फाइल करायच्या आहेत. त्यांचा आवाज दबल्यासारखा येतो.

प्रतिसाद, धुळ्याहून

आधी डेकचं हेड स्पिरिटने पुसा. नंतर हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी हळू फिरवा, त्याने हेडचा टेपशी असलेला कोन, म्हणजे अझिमथ, बदलतो. टाळ्या आणि 'स' सगळ्यात स्वच्छ येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागेल. २४ बिटमध्ये भरा आणि नॉइज रिडक्शनचा फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, वेगळी प्रत काढून तिच्यावर लावा.