तीनच ओळींची यादी: तुम्हाला पटते का?

शाईचा डाग: दरवर्षी वहीच्या पहिल्या पानावर वीस-बावीस संकल्प लिहायचे आणि वर्ष सरताना ते पान उघडायची हिंमत व्हायची नाही. गेल्या वर्षी तीनच ठेवले: पोहायला शिकणे, कर्ज फेडणे, बाबांशी रोज बोलणे. बाकीचे खोडताना जीव कासावीस झाला, चित्रकलेवर काट मारताना तर चक्क रडू आलं. पण तिन्ही झालं! माझं मत: तीनच्या पुढे गेली की ती हौस, ध्येय नव्हे. शिवाय येल विद्यापीठातल्या 1953 च्या त्या पाहणीत ध्येयं लिहून ठेवणारे तीन टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले होतेच.

उलटतपासणी: तो किस्सा सोडा. अशी पाहणी झाल्याचा पुरावा खुद्द येललाही सापडलेला नाही. आधार हवाच तर ध्येय कसं ठरवावं यावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ लॉक आणि लेथम यांचं काम आहे. 1975 च्या एका अभ्यासात ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या जेमतेम 60 टक्के माल भरत. 'जमेल तेवढं भरा' याऐवजी '94 टक्के' असा आकडा दिल्यावर ते 90 च्या आसपास पोचले. म्हणजे नेमकं आणि जरा अवघड उद्दिष्ट चालतं. पण ते ट्रकला. बाबांशी बोलणं किती टक्के भरलं, हे कसं मोजणार?

अर्धवटराव: धाग्याशी साफ असहमत. मी 'वर्षात 50 पुस्तकं' लिहिलं होतं. नोव्हेंबर उजाडला तसा कपाटात बारीक पुस्तकं हुडकायला लागलो! यादीत टिकतं ते खूण करता येण्यासारखंच. तुमचंही 'बरे आहात ना? ठेवते मग' एवढ्यावरच आलं नसेल कशावरून?

शाईचा डाग: येलबद्दल चूक मान्य. आणि हो, बरेचदा दीड मिनिटातच आटपायचं, टोमणा लागला. पण रोजचं होतं म्हणूनच एकदा त्यांचा आवाज बसलेला लगेच ओळखू आला. महिन्यातून एकदा तासभर बोलले असते तर कळलं नसतं.

सावकाश: तीनच का, पण? बेंजामिन फ्रँकलिनच्या यादीत 13 सद्गुण होते. आठवड्याला एकावरच लक्ष, चुकलं की वहीत काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार. नीटनेटकेपणा काही शेवटपर्यंत जमला नाही, असं त्याने आत्मचरित्रात कबूल केलंय. तरी त्याने ते यादीतून काढलं नाही. यादी लांब असू दे, आजचं काम एक असलं म्हणजे झालं.

उलटतपासणी: अहो, तो फ्रँकलिन होता. आमची वही नुसत्या ठिपक्यांनीच भरेल.

अर्धवटराव: शाईताई, एक विचारतो. ती चित्रकला यंदा घेतलीत का यादीत?

शाईचा डाग: नाही, खोडलेलीच आहे. रंगपेटी मात्र कुणाला देऊन टाकलेली नाही.