शनीचे २७४ चंद्र : दोन किलोमीटरच्या दगडालाही चंद्रच म्हणायचं?

दुर्बीणवाला
मार्च २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता दिली. एकूण झाले २७४. नवे बहुतेक जेमतेम दोन-चार किलोमीटरचे, ओबडधोबड, शनीपासून कोटी ते तीन कोटी किलोमीटरवर आणि बरेचसे उलट्या दिशेने फिरणारे. गेल्या हिवाळ्यात वांगणीला पोरांना शनी दाखवत होतो. कडी सुईसारखी बारीक झालेली, बाजूला टायटन या शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्राचा ठिपका. एक मुलगी म्हणाली, "काका, बाकीचे २७३ कुठायत?" काय सांगणार! माझं मत : व्यास किमान दहा किलोमीटर हवा, त्याखालच्यांना चंद्र म्हणू नये. प्लुटोला २००६मध्ये नियम लावून ग्रहांच्या यादीतून काढलंत, मग चंद्रांनाच मोकळं रान का?

सांजवात
दहाच का? हाताला दहा बोटं आहेत म्हणून? मंगळाचा डायमॉस साधारण बारा किलोमीटरचा, तुमच्या चाळणीतून कसाबसा वाचला. ग्रहाभोवती फिरतो तो चंद्र, विषय संपला.

दुर्बीणवाला
मग कड्यांतला बर्फाचा खडान् खडा चंद्रच की. तोही फिरतोच. बसा मोजत.

सांजवात
त्या खड्याची स्वतंत्र कक्षा कोणी काढून दाखवली आहे का? या १२८ जणांची काढली आहे. हवाईतल्या दुर्बिणीने तासन् तास लागोपाठ फोटो घेतले. शनी ज्या गतीने सरकतो त्याच गतीने ते सरकवून एकावर एक रचले. तारे ताणले जाऊन त्यांच्या रेघोट्या होतात, आणि एकट्या फोटोत न दिसणारा ठिपका एका जागी साठत साठत उजळतो. एवढ्यावरही भागत नाही. तो पुढेही पुन्हा पुन्हा दिसला आणि कक्षा जुळली, तरच नोंद. नाहीतर वाटेने जाणारा लघुग्रहही चंद्र ठरायचा.

गजालीकार
मराठीत हे भांडण होऊच नये. चंद्र हे आपल्या एकट्या चंद्राचं नाव. बाकी सगळे उपग्रह.

सांजवात
उपग्रह म्हटलं की आमच्या घरी इन्सॅट आठवतो :)

नक्षत्रवेल
तुमचं आकारावरून चाललंय, मला अंतराचंच जास्त कौतुक. नेपच्यूनची नेसो घ्या. साठेक किलोमीटरची, म्हणजे धागाकर्त्यांच्या परीक्षेत पास. नेपच्यूनपासून सरासरी पाच कोटी किलोमीटरवर, आणि कक्षा इतकी लांबट की पलीकडच्या टोकाला सात कोटींच्या आसपास जाते. सूर्यापासून बुधसुद्धा सरासरी पावणेसहा कोटींवरच आहे! एका फेरीला साधारण २७ वर्षं. सापडली २००२मध्ये, म्हणजे आपण तिची एक फेरीही अजून पुरी पाहिलेली नाही. तरी ती निसटत नाही, कारण सूर्य तिथून ४५० कोटी किलोमीटर लांब, त्याची ओढ तिथे फारच पातळ.

दुर्बीणवाला
नेसोबद्दल तक्रार नाहीच. तक्रार तुकड्यांबद्दल आहे. ज्यांनी हे १२८ शोधले त्यांचंच म्हणणं आहे की शनीच्या मुंडिलफारी गटातले (मिळत्याजुळत्या कक्षांचा चंद्रांचा गट) बरेचसे एका टकरीतून झालेले असावेत, तीही बहुधा गेल्या दहा कोटी वर्षांतली. एक फुटला आणि यादीत डझनावारी वाढले? खापऱ्यांना कोणी मडकं म्हणत नाही.

नक्षत्रवेल
अहो, नेसोची आणि नेपच्यूनच्याच सॅमथी या दुसऱ्या चंद्राची कक्षा इतकी मिळतीजुळती आहे की त्याही एकाच मडक्याच्या खापऱ्या असाव्यात असा तर्क आहे. तिला मात्र कशी ठेवून घेतलीत?

दुर्बीणवाला
हे माहीत नव्हतं. बरं, खापरीचा मुद्दा मागे. दहा किलोमीटरचा मागे घेत नाही.

सांजवात
म्हणजे फक्त बोटं उरली!

गजालीकार
नवीन मंडळींना अजून नावंही नाहीत. 'एस/२०२३ एस १' असली गाडीच्या पाटीवरची अक्षरं. पण दुर्बीणवाले, त्या मुलीला शेवटी काय सांगितलंत?

दुर्बीणवाला
सांगितलं की शनीचीच फोबी २१३ किलोमीटरची, तीही १८९९मध्ये फोटोच्या काचांवरूनच सापडली, आपल्या या नळीतून ती दिसायची नाही. "मग दिसेल तेवढं दाखवा," म्हणाली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.