घोडीचा मागचा एकच पाय रात्रीत सुजला, जखम कुठेच सापडत नाही, मदत हवी आहे

मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही अंदाज येणार नाही. माझी घोडी ११ वर्षांची आहे, आजवर किरकोळ सर्दीखोकल्यापलीकडे काही झालं नाही. परवा रात्री चंदी (दाणा) घालताना चारही पायांवरून हात फिरवला होता, रोजच फिरवते, सगळं ठीक होतं, आणि सकाळी तबेल्यात गेले तर डावा मागचा पाय खुराच्या वरपासून पार मांडीपर्यंत सुजून खांब झालेला. घोटा कुठे नि नळी (घोट्यावरचं लांब हाड) कुठे काही कळेना. गरम लागत होता आणि नुसतं बोट टेकलं तरी झटकत होती, नाल मारताना डुलक्या काढणारी घोडी आहे ही. पाय टेकवेना, चंदीला तोंड लावेना, ताप ३९.६.

खूर साफ करून पाहिला, खिळा नाही, खडा नाही. पूर्ण पाय चाचपला, कुठेच जखम नाही, रक्ताचा थेंबही नाही. डॉक्टर दुपारी आले, त्यांनी खूर चिमट्याने सगळीकडून दाबून पाहिला, तिथे दुखत नव्हतं, आणि सूज फक्त मागच्या शिरेवर नसून चारी बाजूंनी सारखी आहे म्हणून टेंडनचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या शिरेचं) वाटत नाही म्हणाले. त्यांच्या मते सेल्युलायटिस किंवा लिम्फँजायटिस, म्हणजे कातडीखाली इन्फेक्शन. अँटिबायोटिक चालू केलंय, सूज-वेदनेचं औषध आहे, दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं थंड पाण्याची धार.

आज तिसरा दिवस. ताप ३८.२, मांडीची सूज उतरली, पण हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) खाली तशीच आहे, अंगठा दाबला की खड्डा राहतो. डॉक्टर म्हणतात हळूहळू चालवा, आमच्याकडचे घोड्यांत आयुष्य गेलेले एक काका म्हणतात बिलकुल हलवू नकोस. मी चालवलं तर पहिली दहा पावलं बघवत नाहीत, पण नंतर जरा मोकळी होते. कुणाचं ऐकू? पट्टी बांधू का? आणि जखमच नाही तर इन्फेक्शन शिरलं कुठून, हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, माझं काही बघायचं राहिलं का असं सारखं वाटतं.

प्रतिसाद १:
ताई, आधी तो अपराधीपणा बाजूला ठेवा. यात एवढासा ओरखडा पुरतो आणि बऱ्याचदा तो सापडतही नाही. तरी एकदा घोट्याच्या खाली मागच्या खळगीत केस ओले करून बाजूला सारून बघा, चिखल-ओलीने तिथे खपल्या धरतात आणि वरून हात फिरवला तर कळत नाहीत.

चालवण्याचं म्हणाल तर डॉक्टरांचं ऐका. घोड्याच्या हॉकखाली स्नायू जवळपास नाहीतच, हाडं, शिरा, कातडी एवढंच, त्यामुळे तिथे साचलेलं पाणी वर ढकलायला हालचालच लागते. काकांचं म्हणणं चुकीचं नाही, हाड किंवा टेंडनचा मामला असता तर आरामच द्यावा लागला असता, पण डॉक्टरांनी ते तपासलंय ना. पाच-पाच मिनिटं, सपाट जमिनीवर, हातात धरून, दिवसातून चार-पाच वेळा. जास्त लंगडली तर तिथेच थांबवा.

एक महत्त्वाचं, ३८.२ वर लगेच खूश होऊ नका. निरोगी घोड्याचा ताप साधारण ३७.५ ते ३८.५ असतो हे खरं, पण वेदनेचं औषध तापही खाली आणतं. पुढचा डोस द्यायच्या आधी मोजा, तो आकडा खरा. आणि वेळेसकट लिहून ठेवा.

प्रतिसाद २:
पट्टी स्वतःच्या मनाने नको. कुठे घट्ट कुठे सैल झाली तर शिरांना इजा होते, बांधायचीच तर जाड कापसाचा थर देऊन, डॉक्टरांनी एकदा दाखवल्यावर. सूज उतरत नाही म्हणून वेदनेचं दुसरं औषध जोडू नका, तशाच प्रकारची दोन एकत्र दिली की पोट आणि किडनी दोन्हीवर येतं. आणि अँटिबायोटिक पाय बारीक दिसला म्हणून मधेच थांबवू नका, आमच्या घोड्याचं तसं थांबवलं आणि दहा दिवसांत पाय पुन्हा भरला, तेव्हापासून तो पाय दुसऱ्यापेक्षा कायमचा जाडच राहिलाय.

सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या पायाकडे असतं, तुम्ही उजव्या पायाकडेही बघा. सगळा भार त्यावर पडतोय, त्यातून लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज, होऊ शकतो. घोट्याच्या मागे दोन्ही कडांना बोट ठेवून नाडी रोज बघा, जोरात उडायला लागली किंवा खूर गरम लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. खाली जाड मऊ अंथरूण घाला. चंदी सध्या कमी, गवत-पाणी भरपूर. कातडीतून पिवळं पाणी झिरपायला लागलं, ताप परत चढला किंवा सांध्याजवळ बारीकसं छिद्र दिसलं तरीही लगेच डॉक्टर, सांध्यात इन्फेक्शन गेलं तर फार अवघड होतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. केस ओले करून बघितले आणि घोट्याखाली मागे डाळीच्या दाण्याएवढी खपली सापडली!! काढली नाही, फोटो डॉक्टरांना पाठवला, ते म्हणाले इथूनच शिरलं असणार, उद्या येऊन साफ करतील. डोसच्या आधी ताप ३८.४ भरला. उजव्या पायाची नाडी शांत आहे, खूर थंड. नळीच्या मध्यावर केसांत छोटी खूण करून टेपने घेर मोजलाय, सकाळी ३३ सेंटीमीटर, संध्याकाळी चार फेऱ्यांनंतर ३१, चांगला पाय २७ आहे. काकांना आकडे दाखवले, आता संध्याकाळची फेरी तेच मारून आणतात. उद्याचा आकडा इथेच टाकते.