साक्ष पाठ करून तयार होते काय? सुवार्तिकभाऊंच्या पोस्टला उत्तर

बावडेकर
सुवार्तिकभाऊंनी काल गटावर टाकलेलं सगळ्यांनी वाचलंच असेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सार एवढंच: त्यांच्या वर्गात सात दिवसांत साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती गोष्ट, तयार करायची. आधी ख्रिस्तापूर्वीचं अंधारातलं जीवन, मग प्रभू कसा भेटला, मग काय बदललं. तीन मिनिटं, घड्याळ लावून, तोंडपाठ. त्यानंतर ओळखीतल्या पाच बिगरख्रिस्ती लोकांची यादी, बायबलातल्या रोमकरांस पत्रातली चार वचनं (३:२३, ६:२३, ५:८, १०:९) आणि शेवटी प्रश्न, "आज रात्री मेलात तर कुठं जाल?"

एरवी मी असल्या पोस्टी वाचून सोडून देतो. पण माझी भाची त्या वर्गाला जाते. अकरावीत आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा, चौथ्या वर्षापासून संडे स्कूल, नाताळच्या नाटकात तीनदा मरिया. तिनं वहीत लिहिलंय, "मी पापाच्या गर्तेत लोळत होते." मी विचारलं, कसलं पाप गं? तर म्हणाली, "मामा, पहिल्या भागात तसं लिहावं लागतं."

म्हणजे खोटं बोलायला शिकवून खऱ्या देवाची साक्ष द्यायची! पौलाला दिमिष्काच्या रस्त्यावर प्रभू अचानक भेटला, पण त्याच्या शिष्याला, तीमथ्याला, कुठं होता तसला रस्ता? पौल त्याला काय लिहितो? तुझी आजी लोईस, तुझी आई युनीके, त्यांच्या ठायी होता तोच विश्वास तुझ्या ठायी आहे. झाली साक्ष. आजीनं शिकवलं, आईनं सांभाळलं, मी टिकलो. आपल्यातल्या निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

आणि तो मरणाचा प्रश्न. आमच्या रिक्षा स्टॉपवर एका तरुणानं हा प्रश्न एका रिक्षावाल्या काकांना विचारला. त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. काका काही बोलले नाहीत, रिक्षा चालू करून निघून गेले. त्या स्टॉपवर मी रोज उभा असतो, तो तरुण नसतो.

सुवार्तिक
सलाम बावडेकर. पोस्ट माझीच, म्हणून उत्तर देतो. खोटं लिहा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पोरीनं लिहिलं असेल तर तिला समजावू. पण तयारीच नको म्हणता? बायबलात प्रेषित पेत्र स्पष्ट सांगतो, तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा. सिद्ध म्हणजे तयार. आपली मंडळी दीडशे वर्षं चर्चमध्ये बसतात, पण शेजाऱ्यानं "तुमच्यात नक्की काय असतं हो?" विचारलं की म्हणतात, "पाळकसाहेबांना विचारा." मिशनरी वायल्डर साहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते पाळकसाहेबांना विचारा म्हणायला नव्हे. त्यांचा रॉबर्ट इथंच १८६३ ला जन्मला आणि त्यानं पुढं १८८६ ला अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी चळवळ उभी करायला हातभार लावला, तिच्यातून हजारो मिशनरी जगभर गेले. आणि आपण गल्लीच्या टोकापर्यंत जात नाही.

बावडेकर
पेत्राचं वचन अर्धं सांगितलंत. पुढं आहे, सौम्यतेनं आणि भीड ठेवून. आणि त्याच्याही आधी आहे "विचारणाऱ्याला". रिक्षावाल्या काकांनी विचारलं नव्हतं.

दादा मास्तर
मुद्दा वेगळाच आहे. तयारी करा, नका करू, पण कशात करणार? कीबोर्ड आणि हिंदी गाण्यांत? फादर स्टीफन्सनी १६१६ ला ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं. रेव्हरंड टिळकांनी टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनं केली, लोक बसून ऐकायचे. आज तरुण संघाच्या एकाला तरी अभंग चालीत म्हणता येतो का? तीन मिनिटांची साक्ष म्हणे! कीर्तनात सुरुवातीच्या पूर्वरंगालाच अर्धा तास जातो.

शाहूपुरी_तरुण
मास्तर, अर्धा तास पूर्वरंग ऐकायला आज कोण थांबतंय? रील पंधरा सेकंदांची झालीय.

दादा मास्तर
तुम्ही थांबत नाही. पंढरीच्या वाटेवर लाखो लोक थांबतात.

सुवार्तिक
टिळकांचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा पूर्ण तयारीनिशी घेतला. आगगाडीत कुणीतरी हातात नवा करार दिला, तो त्यांनी वाचला, वर्षं-दोन वर्षं विचार केला. तो देणारा माणूस तयार नसता तर?

मिरजकर सिस्टर
तो देणारा माणूस पुस्तक देऊन उतरून गेला, भाऊ. मागं लागला नाही. आणि टिळकांचं उदाहरण देताना लक्ष्मीबाईंना विसरू नका. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं त्या बाईचा संसार उभा फाटला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० ला झाला, मधली वर्षं काय गेली ते 'स्मृतिचित्रे' वाचा. कुणी वचनं पाठ म्हणून दाखवल्यानं त्या बदलल्या नाहीत. सोबत राहिल्या, बघितलं, आधी मनातली जातपात गेली, मग बाकीचं.

मी तीस वर्षं नर्स आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून आमच्या भागात सेवा आणि सुवार्ता जोडीनंच आल्या, त्याचा मला अभिमान आहे. पण एका दवाखान्यात (नाव सांगत नाही) नाकात नळी घातलेल्या म्हातारीच्या उशाशी चार जण उभे राहून "स्वीकार करा, आज्जी, स्वीकार करा" म्हणत होते. मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. ज्याला उठून जाता येत नाही त्याला साक्ष द्यायची नसते. हा नियम तुमच्या सात दिवसांत कुठल्या दिवशी शिकवता?

सुवार्तिक
सिस्टर, तो नियम मान्य. घालतो वर्गात. पण त्या चौघांमुळं सगळ्यांना एका मापात मोजू नका.

आंबेवाडीकर
नमस्कार. मी तुमच्यातला न्हाई, मित्रानं धागा दाखवला म्हणून लिवतोय. "उठून जाता येत नाही" वाचलं आणि ऱ्हावलं न्हाई.

२०१९ चा पूर. शिरोलीला हायवे बंद, पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या कितीतरी वर, आंबेवाडी-चिखली पाण्यात. आम्ही शाळेत. मदतीची किटं आली. तांदूळ, तूरडाळ, तेल, मेणबत्त्या, आणि तळाला एक पत्रिका. "आज तुमचा शेवटचा दिवस असेल तर?" अवो, दोन दिवस माळ्यावर काढून बोटीनं आलेल्या माणसाला हे इचारायचं? माझा चुलता चिडून लालबुंद. आज्जीला वाचता येत न्हाई. तिनं येशूचं चित्र बघितलं, देव हाय म्हणून जपून ठेवलं, आणि घरी गेल्यावर देवळीत खंडोबाशेजारी लावलं. अजून हाय.

शाहूपुरी_तरुण
आज्जींचा नाद खुळा!

सुवार्तिक
आंबेवाडीकर, त्रास झाला असेल तर वाईट वाटतं. पण एक विचारू? त्याच पुरात वाटलेल्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो होते. राज्यभर बोंब झाली होती. पुढाऱ्याचा फोटो गोड लागला आणि येशूचा कडू?

आंबेवाडीकर
गोड कुणाला लागला? त्यालाबी शिव्याच घातल्या. पुढारी मत मागतोय, त्ये कळतंय तरी. तुम्ही काय मागत हुता त्ये स्पष्ट सांगा की.

सुवार्तिक
काहीच मागत नव्हतो. देत होतो.

आंबेवाडीकर
मग शेवटचा दिवस कशाला काढला?

बावडेकर
याचं उत्तर द्या भाऊ. मी वाट बघतोय.

गडहिंग्लजकर
सगळे सुवार्तिकभाऊंवरच का तुटून पडलाय? किटं भरायला मीबी होतो. रात्री दोनपर्यंत तांदूळ मापून पिशव्या बांधल्या. आमच्यातल्या कितीजणांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरलं होतं, माहीत आहे? पत्रिका कुणी टाकल्या मला माहीत नाही, पण सगळे एक किलो डाळीत बाप्तिस्मा विकत घेणारे असल्यासारखं बोलू नका. आणि जात निघाली म्हणून सांगतो. आमच्या आज्ज्यानं बाप्तिस्मा घेतला, कशासाठी? पैशासाठी? उलट गमावलं. १९५० चा आदेश बघा, ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीचा दाखला नाही. १९५६ ला शिखांना मिळालं, १९९० ला बौद्धांना, आम्हाला नाही. कागदावरची जात गेली, गावातली गेली का? पाणवठ्यावर आज्ज्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू आता ख्रिस्ती का. तरी तो टिकला. त्याची साक्ष मला कुठल्या तीन भागांत बसवायची, सांगा.

कोर्टकचेरी
विषय बराच लांब गेलाय, पण कायद्याचं बोलतो. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करायचा हक्क देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा हक्क त्यात येत नाही. निपाणीपलीकडं कर्नाटकात २०२२ ला कायदा आला, त्यात आमिषाची व्याख्या अशी लांबरुंद आहे की मदतीच्या किटातली पत्रिका सहज सापडेल. यादी करून पाच लोकांच्या मागं लागणारे वर्ग चालवणाऱ्यांनी तेवढं वाचून ठेवावं. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईला जायचा खर्च वाचेल, एवढाच दिलासा.

सुवार्तिक
म्हणजे घाबरून गप्प बसा. हेच ना? प्रेषितांनाही बोलू नका म्हणून ताकीद मिळाली होती.

कोर्टकचेरी
गप्प बसा म्हटलं नाही. बोला. पूरग्रस्ताच्या पिशवीत लपवून बोलू नका, एवढंच.

सुवार्तिक
लपवून? पत्रिका लपवलेली नव्हती.

आंबेवाडीकर
तळाला हुती. तांदळाखाली.

मिरजकर सिस्टर
मूळ प्रश्नावर या की जरा. सुवार्तिकभाऊ, तुम्ही पौलाला मानता ना? प्रेषितांच्या कृत्यांत पौल आपली गोष्ट स्वतः दोनदा सांगतो, २२ व्या आणि २६ व्या अध्यायात. यरुशलेमात चिडलेल्या जमावापुढं, त्यांच्या भाषेत, आपल्या गुरूचं, गमलियेलाचं, नाव काढून. अग्रिप्पा राजापुढं राजदरबारी थाटात, काही गोष्टी गाळून, काही वाढवून. गोष्ट एकच, पण ऐकणारा बघून सांगितलेली. पाठ केली असती तर दोन्हीकडं तीच वाक्यं आली असती. आणि निकाल? रोमी सुभेदार फेस्त म्हणाला तू वेडा आहेस, अग्रिप्पा टोमणा मारून उठून गेला. पौलानं दोघांपैकी कुणालाही आज रात्री मेलात तर, असं विचारलं नाही.

सुवार्तिक
हे बरोबर आहे, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. दोन ठिकाणी दोन प्रकारे सांगता आली, कारण त्याला आपली गोष्ट आतून-बाहेरून माहीत होती. त्यालाच मी तयारी म्हणतो. नवीन पोरांना सुरुवातीला साचा लागतो. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, नंतर सोडतात.

बावडेकर
डबा सोडलेला एकही अजून पाहिला नाही. दहा वर्षांपूर्वी शिकलेले अजून "मी अंधारात होतो" नंच सुरुवात करतात. एका भावाची दारू सोडल्याची साक्ष मी इतक्यांदा ऐकलीय की आधी क्वार्टर होती, मग खंबा झाला, आता तो भट्टीच चालवायचा म्हणतो.

शाहूपुरी_तरुण
😂 कोण ते सगळ्यांना माहीत आहे.

दादा मास्तर
नावं घेऊ नका. आणि माझ्या कीर्तनाच्या मुद्द्यावर कुणी उत्तर दिलेलं नाही.

सुवार्तिक
मास्तर, कीर्तनाचा वर्ग तुम्ही घ्या, जागा मी देतो. झालं? आणि बावडेकर, तुमच्या भाचीला सांगा, पहिला भाग खोडून आजीबद्दल लिही. तीमथ्याचं मला सुचायला हवं होतं असं म्हणणार नाही, कारण ते पुढच्या पाठात होतंच. पण यादी मी काढणार नाही. पाच नावं लिहून त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करण्यात कुणाचं काय जातं?

बावडेकर
प्रार्थनेत काही जात नाही. यादीत माझं नाव आहे हे मला कळलं तर मैत्रीत जातं.

आंबेवाडीकर
माझं घाला यादीत, चालंल. आज्जीचंबी घाला. पण पुराचं काय? २०२१ ला परत आलाच हुता, पुढंबी येणार. किटं वेगळी आणि पत्रिका वेगळ्या, एवढं लिवून देता?

गडहिंग्लजकर
मी देतो. किटं मीच भरतो, बघतो कोण टाकतंय ते.

सुवार्तिक
बरं. किटात नाही. पण शाळेत टेबल मांडून बसणार. कुणी येऊन विचारलं तर देणार.

आंबेवाडीकर
इचारलं तर द्या की. कोण नको म्हणतंय? फकस्त त्यो शेवटच्या दिवसाचा प्रश्न बदला, आणि चित्र जरा मोठं छापा, आज्जीला आता दिसत न्हाई.