मदत हवी आहे: घंटागाडी ठेक्यावर दिल्यापासून कोणीच जबाबदारी घेत नाही, नेमकं कोणाला धरायचं?

नमस्कार मंडळी, जाणकारांकडून सल्ला हवाय. आमचं गाव नगरपरिषदेचं आहे, गावाचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम टाकत नाही, मला इथे कोणाची बदनामी करायची नाहीये, पुढे काय करायचं तेवढं कळायला हवंय.

पूर्वी झाडलोट, कचरा उचलणं सगळं नगरपरिषदेची कायम माणसं करायची. मुकादम ओळखीचा असायचा, गल्लीत कचरा राहिला तर त्याला रस्त्यात गाठून सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी माणूस हजर. मग लोक रिटायर होत गेले, जागा भरल्याच नाहीत, आणि प्रशासकाच्या काळात, म्हणजे नगरसेवक नव्हतेच तेव्हा, घंटागाड्या, ड्रायव्हर, हेल्पर, डेपोवरचं वर्गीकरण असं सगळंच एका एजन्सीला दिलं. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक आलेत पण ते म्हणतात करार आमच्या आधीचा, आम्ही काय करणार.

आता गाडी आली तर आली, नाहीतर पाच-पाच दिवस पत्ता नाही. तक्रार घेऊन गेलं की स्वच्छता निरीक्षक म्हणतात ते आमच्याकडे नाही, सुपरवायझरला फोन करा. सुपरवायझर म्हणतो ताई, नगरपरिषदेने बिलं अडकवलीत, डिझेलला पैसे नाहीत. मग परत सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या, केबिनबाहेर बाकड्यावर बसा. घरपट्टीच्या बिलात घनकचरा शुल्क मात्र न चुकता लागून येतं.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली ती सांगते. आमच्या मागच्या रस्त्याला गटाराचं काम चालू आहे, तिथे घंटागाडी थांबली आणि दोघांनी फावड्याने ओली माती आणि विटांचे तुकडे आधी तळाला भरले आणि वर कचरा टाकला. गाडीला ओला आणि सुका असे दोन वेगळे कप्पे आहेत, माती दोन्हीत. मी विचारलं हे काय, तर ड्रायव्हर म्हणाला टनावर पैसे आहेत ना, वरून सांगितलंय. म्हणजे आम्ही घरात दोन डबे ठेवून वर्गीकरण करतो, घनकचरा नियमांत ते बंधनकारक म्हणून, आणि पुढे पैसे मिळतात ते वजनाला. त्या पोराला मी दोष देत नाही, पण वजनकाट्यावर नगरपरिषदेचं कोणी उभं असतं का हा माझा खरा प्रश्न आहे.

दुसरं, गाडीवरच्या मावशी. हातात ग्लोव्हज नाहीत, डायपर आणि सॅनिटरी पॅड नुसत्या हाताने बाजूला काढतात. पगार थकलेत. पीएफ कापतात असं त्या म्हणाल्या म्हणून माझ्या मोबाइलवर त्यांचं पासबुक उघडून दिलं तर सुरुवातीचे काही महिने पैसे जमा आणि नंतर काहीच नाही. पगाराच्या चिठ्ठीवर कपात मात्र दर महिन्याला आहे. त्या माउलीचा चेहरा बघवत नव्हता.

मी खासगीकरणाच्या सरसकट विरोधात नाहीये. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ नावाची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करते, म्हणजे काम बाहेर देऊनही नीट करता येतं. पण आमच्याकडे कामाबरोबर देखरेखही देऊन टाकली असं दिसतंय, आणि देखरेख हे तर नगरपरिषदेचंच काम ना? करारनामा मला मागता येईल का, गाडी आली नाही तर दंड वगैरे काही असतो का, पगार आणि पीएफची जबाबदारी शेवटी कोणावर, आणि ठेका रद्द करा अशी मागणी करण्यात अर्थ आहे का? कृपया अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागातून रिटायर झालोय. करारनामा मागता येतो, माहिती अधिकारात अर्ज करा, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी अट आहे त्यामुळे सगळं एकात कोंबू नका. पहिल्या अर्जात निविदेच्या अटी-शर्ती, करारनामा आणि कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर. दुसऱ्यात कुठल्याही एका ठरावीक महिन्याचं देयक, त्याला जोडलेल्या वजनकाट्याच्या पावत्या आणि दंड कपातीचा तक्ता, महिना नक्की लिहा नाहीतर माहिती विस्तृत आहे म्हणून टोलवतात. फाइल बघायलाही मागा, पहिल्या तासाला फी नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

असल्या करारात गाडी न येणे, मिश्र कचरा, गणवेश नसणे या सगळ्याला दंड लिहिलेला असतो. तुमचा मुद्दा असा की तो लावला का. देयक पास व्हायला काम समाधानकारक झाल्याचा दाखला लागतो आणि त्याखाली नगरपरिषदेच्या माणसाची सही असते. ज्या दिवशी तुमच्याकडे गाडी आली नाही त्याचे तारखेसकट फोटो ठेवा आणि त्याच महिन्याच्या दाखल्याशेजारी लावा. कोणाला धरायचं ते त्या सहीवर कळेल. मग सीओंना लेखी, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

रद्द करण्याचं म्हणाल तर घाई करू नका. औरंगाबादला पाण्याची समांतर योजना २०१४ मध्ये कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार मोडला, पण त्याने नळाला रोज पाणी आलं नाही. पर्यायी व्यवस्था तयार नसेल तर नवीन निविदा निघेपर्यंत गावात ढीग वाढतील. आधी दंड लावायला लावा.

प्रतिसाद २

पगाराचं मी सांगतो, कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनचं काम करतो. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे इथे नगरपरिषदेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि २०२० च्या नवीन कामगार संहितेतही आहे. तो आमचा कामगार नाही हे सीओंचं उत्तर चालत नाही. पीएफ कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा तर फौजदारी गुन्हा आहे. लढलं की होतं, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबई महापालिकेतल्या कचरा वाहतुकीच्या २७०० कंत्राटी कामगारांना कायम करायला लावलं, अर्थात त्यामागे युनियनची अनेक वर्षांची केस होती.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, खूप स्पष्ट झालं. एकच भीती आहे, मावशींच्या नावाने तक्रार गेली तर उद्या त्यांना कामावरून बसवतील, ठेकेदाराला काय, एका फोनवर दुसरी बाई मिळते. त्यांच्यावर घर चालतं हो.

प्रतिसाद २

मग त्यांचं नाव कुठेच घालू नका. देयकासोबत ठेकेदाराने पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची चलनं जोडायची असतात, तुम्ही नागरिक म्हणून त्या महिन्याची चलनं आणि हजेरीपट मागा. हजेरीपटावर चाळीस नावं आणि चलनात पंधरा असा फरक निघाला की तो कागदच पुरे, पीएफ ऑफिसला तक्रार सगळ्या कामगारांबद्दल जाते, एका बाईबद्दल नाही. तोपर्यंत मावशींना सांगा की पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका आणि इतर बायकांचे यूएएन म्हणजे पीएफचे नंबर एका वहीत लिहून ठेवा. जिल्हा कोणता ते मला व्यनि (खासगी निरोप) करा, तिथे आमचं कोणी असेल तर गाठ घालून देतो.