शब्दचर्चा: यानात स्फोट की यानावर स्फोट? (आणि गलबतावरचं खलबत)

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलीय आणि तिसऱ्याच ओळीला अडकलेय. गोष्ट थोडक्यात अशी की दोन वेगवेगळ्या ताऱ्यांभोवतीच्या वसाहतींमध्ये तह व्हायचाय, दोन्हीकडचे राजदूत एकाच यानातून निघालेत, वाटेत बॉम्ब फुटतो, एक राजदूत जातो, आणि तपास करायला जी बाई आहे ती मूळची देवगडकडची (तेवढी मुभा घेतलीय).

मी लिहिलं होतं, "यानावर बॉम्बस्फोट झाला." बाबांना वाचून दाखवलं, ते खळ्यात नारळ सोलत होते, हात न थांबवता म्हणाले, "आवाज भितरसून इलो काय भायरसून?" मी म्हटलं आतून. "मगे वर कित्याक लिवलंस?"

झालं, तिथून डोक्यात भुंगा. म्हणजे बघा ना, "यानावर" म्हटलं की कुणीतरी बाहेरून काहीतरी मारलं असं वाटतं, मग संशय शत्रूच्या ताफ्यावर. "यानात" म्हटलं की बॉम्ब सामानातून आला किंवा आतल्याच कुणी ठेवला, मग संशय स्वयंपाक्यापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांवर. एक साधा प्रत्यय आणि अख्खी गोष्ट फिरते. तुम्ही काय लिहाल? बाकी पण शब्द हवेत, ते पुढे विचारते.

*

ताई, मी रत्नागिरीचा, सगळी नोकरी बोटीवर झाली, इंजिन रूममध्ये. तुमच्या बाबांचा मुद्दा मान्य पण अर्धाच. आमच्यात कुणी "तो बोटीत असतो" म्हणत नाही, "बोटीवर असतो" म्हणतात, मग तो माणूस वर्षभर सगळ्यात खाली तेलात का लडबडलेला असेना. "बोटीवर आग लागली" म्हणजे डेकवरच लागली असं नाही, खाली गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) लागली तरी बोटीवरच. पण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारा माणूस बोटीत बसतो. म्हणजे प्रवासी तो "त", नोकरीवाला तो "वर". तुमच्या गोष्टीत कोण बोलतंय ते आधी ठरवा. खलाशी म्हणेल यानावर, राजदूत म्हणेल यानात.

आणि तपासाचंच म्हणाल तर आत फुटलं की बाहेर हे शब्दावरून नाही, पत्र्यावरून कळतं. आतून फुटलं की भोकाच्या कडा बाहेर वळतात. आमच्याकडे एकदा हवेच्या कॉम्प्रेसरचा पाइप फाटला होता, दोन बोटांएवढी चीर, पण पत्रा असा चारी बाजूंनी उलगडलेला, जास्वंदीसारखा. आमचा फिटर त्याला पाकळी म्हणायचा. "पाकळी भायर हा म्हणजे भितरसून गेलेला," बस्स, त्याचा रिपोर्ट संपला.

*

वरच्या काकांचा "पाकळी" शब्द वाचून राहवलं नाही. स्फोट हा शब्द ज्या स्फुट् धातूवरून आला त्याचे अर्थ फुटणं आणि उमलणं असे दोन्ही आहेत, कळी प्रस्फुटित होते ती ह्याच धातूने. म्हणजे तुमच्या फिटरने नकळत व्युत्पत्तीच सांगितली.

ह्यावरून एक सूचना. बार, दणका, धडाका, धमाका हे सगळे शब्द आवाजाचे आहेत. बाहेर पोकळीत हवाच नाही म्हणजे आवाज नाही, तिथे "धमाका झाला" लिहिलंत तर कुणीतरी पत्र पाठवणारच. स्फोट चालेल, तो आवाजावर अवलंबून नाही. यानाच्या आत मात्र हवा आहे, तिथे खुशाल दणका द्या.

दुसरं, कृपा करून "अंतरतारकीय" लिहू नका, आंतरतारकीय. आंतरराष्ट्रीय तसं आंतरतारकीय. अंतर्गत म्हणजे आतलं आणि आंतर- म्हणजे एकमेकांमधलं, असा फरक मराठीत रुळलाय, संस्कृतात तो एवढा काटेकोर नाही हा भाग वेगळा. गंमत म्हणजे अंतराळ ह्या शब्दाचाच मूळ अर्थ "मधली जागा" असा आहे. मग आंतरतारकीय अंतराळ म्हणजे दोनदा मधलं. असो.

*

धन्यवाद दोघांना! खलाशी "वर" आणि राजदूत "त" हे इतकं आवडलं की मी ते पुराव्यासारखंच वापरणार, एक माणूस स्वतःला प्रवासी म्हणवतो पण जबानीत चुकून "यानावर" बोलतो. (काका, ही कल्पना तुमची, मानधनातून सोलकढी पक्की.)

आता यानाचं. अंतराळयान म्हटलं की डोळ्यापुढे श्रीहरिकोटा येतं, उलटी गिनती येते, त्यात माणसं महिनोन्महिने राहतायत, भांडतायत, कट करतायत असं वाटतच नाही. आपल्याकडे होडी, मचवा, पडाव, शिबाड, गुराब, गलबत इतके शब्द असताना एका "याना"वर भागवायचं? मला "तारू" घ्यावंसं वाटतंय. ताऱ्यांमधलं तारू. ते तारण्या-तरण्यातलं आणि हा आकाशातला तारा, दोघांचा संबंध लावायचा नाही, पण कानाला छान लागतं. अडचण एवढीच की तारवात, तारवावर ही रूपं नवीन मुलांना कळतील का?

आणि "इंट्रीग"ला काय? कट, कारस्थान, डाव, मसलत सगळं लिहून पाहिलं. कट म्हटलं की खून किंवा दरोडा वाटतो. कारस्थान म्हटलं की सासू. मला "खलबत" हवंय. अरबी खल्वत म्हणजे एकांत, त्यावरून बंद दाराआड चाललेली बोलणी, रायगडावर खलबतखाना दाखवतात तोच. (मिरची कुटायचा खलबत्ता वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही, मी लहानपणी रायगडावर त्याच आशेने आत डोकावले होते.) गलबतावर खलबत, आणखी काय पाहिजे.

आमच्या विजयदुर्गाची गोष्ट तर तयार कथानकच आहे. फेब्रुवारी १७५६, समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवर पेशव्यांची फौज, म्हणजे मराठ्यांच्याच दर्यासारंगाविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र. इंग्रजांचा एक गोळा जाऊन पडला तो तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यातल्या रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर, आणि हे जहाज मूळचं कंपनीचंच, आंग्र्यांनी आधी धरलेलं. ते पेटलं आणि त्याची आग लागत लागत सगळं आरमार जळालं. आता ह्याला काय म्हणायचं, बाहेरून की आतून? गोळा बाहेरचा, पण दार पुण्यातून उघडलेलं. त्याच किल्ल्यावर १८६८चं खग्रास ग्रहण बघायला बांधलेले "साहेबाचे ओटे" दाखवतात, म्हणजे आकाशाकडे बघायची सवय पण आहे गावाला.

*

पोकळ गोळा, आत दारू, पडल्यावर फुटणारा, त्याला जुना शब्द कुलपी गोळा. बॉम्बला पर्याय हवा असेल तर घ्या. पण माझं मत विचाराल तर नका घेऊ, बॉम्ब हा आता मराठीच शब्द आहे. आमच्याकडे डुकरासाठी लावतात त्याला पण सगळे गावठी बॉम्बच म्हणतात.

*

अलिबागहून. वकिली करते म्हणून दोन पैसे माझेही.

"तपास" आणि "चौकशी" सरमिसळ करू नका. तपास पोलीस करतात, त्याच्या शेवटी आरोपपत्र असतं. चौकशी समिती, आयोग, खातं करतं, तिच्या शेवटी अहवाल असतो. त्यात "चौकशी" म्हटलं की निम्म्या लोकांना एसटी स्टँडवरची खिडकी आठवते. आणि राजदूताच्या बायकोशी बोलायला जाल तेव्हा ती "विचारपूस", तिथे चौकशी लिहिलंत तर ती बाई आरोपी होते.

पंचनामा हा शब्द मात्र सोडू नका, इतका नेमका शब्द दुसरा नाही. नावात पाच असले तरी प्रत्यक्षात दोन पंचांवर भागतं. १ जुलै २०२४पासून नवे कायदे आलेत, झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पण करावं लागतं. पण तुमच्या तारवात पंच आणणार कुठून? पंच तटस्थ हवा, आणि तिथे प्रत्येक जण ह्या नाहीतर त्या ताऱ्याचा. माझ्या मते तुमच्या गोष्टीचं खरं भांडण इथेच आहे.

आणि हद्द कुणाची? समुद्रावर जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्याची. अंतराळात पण तेच धोरण, १९६७च्या बाह्य अंतराळ कराराप्रमाणे यानाची नोंदणी ज्या देशात त्याचा अधिकार यानावर आणि आतल्या माणसांवर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १९९८च्या करारात तर गुन्हा करणाऱ्याचं नागरिकत्व बघतात. २३ जून १९८५ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली, त्यातली बहुतेक कॅनडाची, पण विमान भारतात नोंदलेलं म्हणून इथे न्यायमूर्ती किरपाल ह्यांनी चौकशी केली आणि पुढच्या मालवाहू कप्प्यात बॉम्ब होता असा निष्कर्ष काढला. तेव्हा तुमच्या तारवाची नोंदणी कुठली ते पहिल्या पानावर ठरवा, नाहीतर देवगडच्या बाईला तिथे विचारतो कोण.

*

सगळे शब्द आले पण मुख्य राहिला, घातपात. पेपरात कायमचा मथळा असतो ना, "अपघात की घातपात?", ह्यात जी मजा आहे ती सॅबोटाज-बिबोटाजमध्ये नाही. घात दोन्हीकडे आहे, फरक कुणाचा हात होता की नाही एवढाच.

आमचे आजोबा गोदीत होते. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन बोट, एकाच बोटीत दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि वर सोन्याच्या विटा, कुणाच्या डोक्यातून हे आलं देव जाणे. आधी कापूस पेटला, मग एकापाठोपाठ दोन स्फोट. आजोबा म्हणायचे आम्हाला वाटलं जपानी आले. चौकशीत घातपात नाही, अपघातच ठरला, पण आजोबांनी शेवटपर्यंत ते मानलं नाही, इतकं मोठं काही कुणी न करता होतं हेच त्यांना पटायचं नाही. तुमच्या गोष्टीत असा एक म्हातारा खलाशी टाका, पुरावा काहीही सांगो तो म्हणणारच, कुणीतरी फितूर हाय.

*

फितूर! हा शब्द मी विसरलेच होते. गद्दार म्हटलं की हल्ली टीव्हीवरचं राजकारण आठवतं, फितूर म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा माणूस दिसतो. घेतला.

तर ठरलं ते असं. यान नाही, तारू, पहिल्या वाक्यातच "तारू म्हणजे" असं समजावणार नाही, वाचकाला दोन ओळींत कळेल. बॉम्बला बॉम्बच. कट-कारस्थान कमी, खलबत जास्त. पंचनाम्याचं भांडण दुसऱ्या भागात, दोन पंचांसाठी दोन दिवस वाद, आणि शेवटी तारवावरचा एकमेव माणूस जो कुठल्याच ताऱ्याचा नाही तो पंच म्हणून बसतो, कोण ते सांगत नाही. पाकळी शेवटून दुसऱ्या पानावर. बाबांना नवीन पहिली ओळ वाचून दाखवली, "तारवात स्फोट झाला तेव्हा तारवावरची माणसं जेवत होती." म्हणाले, "जेवणात काय होता?" म्हणजे पास.

एकच शब्द राहिलाय. बाहेर पोकळीत जायच्या आधी दोन दारांमधली ती छोटी खोली असते ना, एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, बॉम्ब तिथेच सापडायचाय. मी किल्ल्याच्या दरवाजाआतली पहारेकऱ्यांची असते ती "देवडी" म्हणतेय. बाबा म्हणतात पडवी म्हण, पडवीत चपला काढतात तसं हे लोक तिथे हेल्मेट काढतील. मला दोन्ही पटतंय. सुचवा.